कमी म्हणजे किती?

गोलकीपरच्या पाठीमागे आठ पावलांवर माणसं असतात. बाकीचे दहा जण मैदानभर पळतात, त्यांना प्रेक्षक म्हणजे एकच एक गोंगाट वाटतो. गोलकीपर मात्र एका जागी उभा असतो. कोणाला सर्दी झालीय, कोण बायकोशी फोनवर भांडतोय, कोणाचा चहा कोणाच्या पायावर सांडला, त्याला सगळं ऐकू येतं.

ड्रायव्हरलाही सगळं ऐकू यायचं. टीममध्ये त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणायचे, कारण आठवडाभर तो सात नंबरची बस चालवायचा आणि शनिवारी दुपारी क्लबचा गोल राखायचा. क्लब छोटासाच होता. कॅप्टन पेशाने सुतार, लेफ्ट बॅक शाळेत गणित शिकवणारा, सेंटर फॉरवर्ड पोस्टात. ज्याला त्याला सोमवारी सकाळी कामावर जायचं असे. ड्रायव्हरचे आजोबा कधीकाळी बोटीने येऊन बंदरावर हमाली करायला लागले आणि इथलेच झाले. ड्रायव्हरचा जन्म इथला, शाळा इथली, शिव्यासुद्धा इथल्याच. फक्त रंग आजोबांचा होता, आणि टीममध्ये त्या रंगाचा तो एकटाच.

घरच्या मैदानावर दुसऱ्या हाफमध्ये तो ज्या गोलात उभा राहायचा, त्यामागे पत्र्याच्या छपराचा स्टँड होता. तिथे पहिल्या रांगेत कठड्याला रेलून पाच-सहा जणांचं एक टोळकं असायचं. ड्रायव्हरने बॉल पकडला की त्या टोळक्यातून माकडाचा आवाज निघायचा. दबका, घशातून काढलेला. मग पत्र्यावर तो आपटायचा आणि दुप्पट होऊन खाली यायचा. हरत असलो की जास्त, जिंकत असलो तरी थोडा. आणि ही काही समोरच्या टीमची माणसं नव्हती. आपलीच होती, आपल्याच क्लबचा मफलर गळ्यात घालून बसलेली.

टोळक्याचा म्होरक्या होता थोरला. म्हणजे कॅप्टनचा थोरला भाऊ. वीस वर्षांपूर्वी तोच या क्लबचा गोलकीपर होता. क्लबच्या खोलीत त्याचा फोटो होता, बॉलकडे झेपावतानाचा. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. गोलाच्या जाळ्या त्याने दिलेल्या, स्टँडचा रंग त्याच्या दुकानातला. तेव्हा थोरल्याला कोण काय बोलणार?

ड्रायव्हरने सांगून पाहिलं होतं. कोच, ज्यांना सगळे सर म्हणत, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, तू चिडलास की त्यांना मजा येते. लक्ष देऊ नकोस." क्लबचे अध्यक्ष म्हणाले, "चार टाळकी आहेत, त्यांना कशाला मोठं करतोस? लक्ष देऊ नकोस." कॅप्टन बुटाची नाडी बांधत म्हणाला, "लक्ष देऊ नकोस."

ड्रायव्हरच्या डोक्यात या शब्दांनी तिडीक जायची. नव्वद मिनिटं नुसतं लक्ष देत उभं राहणं हेच ज्याचं काम, त्याला ही माणसं सांगणार लक्ष देऊ नकोस. अकरा सामने त्याने हे ऐकलं. अकरा सामने तो दात-ओठ खात गोलात उभा राहिला. घरी बायकोने विचारलं की म्हणायचा, "आता बंद झालंय ते."

बाराव्या सामन्याला बायको पोरीला घेऊन बघायला आली. पोरगी पाच वर्षांची. सामना बरोबरीत सुटला, तिघं बसने घरी आले, बापलेक जेवता जेवता पेंगले. रविवारी सकाळी बायको खिडकीपाशी मशीनवर कोणाचे तरी पडदे शिवत होती आणि ड्रायव्हर पोरीशी मोज्यांच्या गोळ्याचा बॉल खेळत होता. तिने फेकला, त्याने पकडला. तशी पोरगी सोफ्यावर उभी राहिली, गाल फुगवले आणि घशातून तो आवाज काढला. हुबेहूब.

ड्रायव्हरच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"हे काय?"

"तू बॉल पकडलास की असं करायचं, बाबा. तिथे काका लोक करतात ना."

"असं करायचं म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"आईने. आई म्हणाली, ते तुला शाबासकी देतात."

मशीनचा आवाज थांबला. ड्रायव्हरने वळून पाहिलं. बायको पडद्याच्या कापडावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि दार लोटलं. "शाबासकी? तू तिला हे सांगितलंस?"

"मग काय सांगू? तिने विचारलं, ते काका काय म्हणतायत. सगळा स्टँड भरलेला होता. एकाने मान वळवली नाही त्यांच्याकडे. माझ्या शेजारच्या बाईने पर्स उघडून लिपस्टिक लावली. मी पोरीला काय सांगायला हवं होतं, तूच सांग." तिचा आवाज चढला, मग पोरगी बाहेर आहे हे आठवून खाली आला. "आणि तू मला काय सांगत होतास? बंद झालंय म्हणून. आपण दोघं सारखेच."

ड्रायव्हर बाहेर आला, पोरीला शेजारी बसवलं आणि सांगितलं की ती शाबासकी नाही. ते लोक बाबाला चिडवतात. रंगावरून.

पोरीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "माझा पण हाच रंग आहे."

"हो."

"मग मला पण चिडवतात?"

ड्रायव्हर उठला. मोरीत जाऊन त्याने धुतलेलेच कप पुन्हा धुतले. नळ इतका जोरात सोडला की पाणी शर्टावर उडालं, तरी तो बंद करेना. अकरा सामने जो राग त्याने स्वतःच्या नावावर गिळला होता, तो आता त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

पुढच्या शनिवारी कपडे बदलताना तो कॅप्टनला म्हणाला, "आज झालं तर मी खेळायचा थांबणार. तू माझ्यासोबत थांबशील का?"

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आधी रेफरीला सांग. मग बघू."

नियम साधा होता. ड्रेसिंग रूमबाहेर भिंतीवर त्याचं पोस्टरही होतं. असं काही कानावर आलं तर रेफरीने खेळ थांबवायचा, लाऊडस्पीकरवरून ताकीद द्यायची, पुन्हा झालं तर टीम आत न्यायच्या. पोस्टरवर दोन रंगांचे दोन हात एकमेकांत गुंफलेले होते.

दुसऱ्या हाफमध्ये तेराव्या मिनिटाला ड्रायव्हरने एक उंच बॉल पकडला आणि मागून आवाज आला. त्याने बॉल बाहेर मारला आणि सरळ रेफरीकडे गेला. "ऐकलंत?"

"मी खेळ बघत होतो," रेफरी म्हणाला.

"बघत होतात. ऐकलंत का?"

"मला काही ऐकू आलं नाही. गोलात जा."

पाच मिनिटांनी पुन्हा. या वेळी बॉल ड्रायव्हरच्या हातात होता. तो बॉल घेऊन मागे वळला, जाळीला वळसा घालून कठड्यापाशी गेला आणि थोरल्याच्या समोर उभा राहिला. दोघांमध्ये एक लोखंडी नळी होती, बस्स.

"आता काढ," ड्रायव्हर म्हणाला. "मी समोर आहे. माझ्या तोंडावर काढ."

थोरला हसला. इकडेतिकडे बघत, साथ मिळेल अशा आशेने हसला. मागच्या रांगेतला एक जण खाली वाकून बुटात काहीतरी शोधायला लागला. पहिल्यांदाच त्या पत्र्याखाली इतकी शांतता झाली की ड्रायव्हरला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"अरे, गंमत असते," थोरला म्हणाला. "खेळात चालतं."

शिट्टी वाजली. रेफरी धावत आला आणि खिशातून पिवळं कार्ड काढलं. खेळाचा वेळ वाया घालवल्याबद्दल.

ड्रायव्हरने कार्डाकडे पाहिलं, मग रेफरीकडे. "तो आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी आठ पावलं इकडे आलो ते दिसतं." त्याने हातमोजे काढले, बॉलवर ठेवले आणि चालू लागला. विनापरवानगी मैदान सोडलं म्हणून दुसरं पिवळं, मग लाल. पाठीमागे काय चाललंय ते त्याने पाहिलं नाही. मैदानाच्या मध्यावरून जाताना कॅप्टन त्याच्यापासून दोन हातांवर होता. कॅप्टन गवताकडे बघत होता.

ड्रेसिंग रूममध्ये तो बाकावर बसला. त्याला वाटलं, आता दार उघडेल. एक तरी येईल. गणिताचा मास्तर येईल, पोस्टवाला येईल, मागोमाग सगळे येतील. मग भिंतीपलीकडून खेळ पुन्हा सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली. त्या माकडाच्या आवाजापेक्षा ती शिट्टी त्याला जास्त लागली. थोरला परका होता. हे दहा जण त्याने आपले मानले होते.

दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांनी तीस वर्षं डेपोत बस धुतल्या होत्या. कोट न काढताच ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"मी काय काय ऐकलं त्या डेपोत, तुला कल्पना नाही. कधी उलटून बोललो नाही. म्हणून आज तू त्या बसवर बसतोस."

"बाबा, तुम्ही गप्प बसलात म्हणून मी बसवर बसलो नाही. परीक्षा पास झालो म्हणून बसलो."

वडिलांनी कोटाचं बटण चाळवलं. "तुला काय वाटतं, मला राग येत नव्हता?"

"यायचा, तर कुठे ठेवायचात?"

"घरी आणायचो," वडील म्हणाले. "तुझ्या आईने सोसला."

जाताना वडिलांनी दारात त्याच्या दंडाला नुसता हात लावला.

सोमवारी संध्याकाळी अध्यक्षांनी क्लबच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता. चार सामन्यांची बंदी येणार, पण ड्रायव्हरने सही केली तर दोनवर येईल, असं ते म्हणाले. कागदावर लिहिलं होतं की घडला प्रकार गैरसमजातून झाला आणि मैदान सोडल्याबद्दल खेळाडूला खेद वाटतो.

"गैरसमज कोणाचा?" ड्रायव्हरने विचारलं.

"शब्दांत काय आहे? प्रकरण मिटतं ना."

"तुमचं मिटतं. गैरसमज कोणाचा ते लिहा. मी माकड आहे असा त्याचा समज झाला, की मी माणूस आहे असा माझा?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "त्याचे क्लबवर उपकार आहेत रे. जरा समजून घे."

भिंतीवर थोरला अजून बॉलकडे झेपावत होता. ड्रायव्हरने कागद उलटा करून ठेवला आणि बाहेर पडला. त्याच आठवड्यात त्याने लीगच्या कार्यालयात तक्रार नोंदवली. तिथल्या कारकुनाने विचारलं, साक्षीदार कोण? बायको, ड्रायव्हर म्हणाला. कारकून म्हणाला, घरच्या माणसाचं तेवढं धरत नाहीत, बाहेरचा कोणी आणा.

मग तो बाहेरचा कोणी शोधत फिरला. मैदानावर चहा विकणारी मावशी म्हणाली, माझ्या बंबाची वाफ सुटते, मला कुठलं ऐकू येतंय. गणिताचा मास्तर म्हणाला, ऐकलं, पण नेमकं कोण ते छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पोस्टवाल्याने फोनच उचलला नाही. सातशे माणसं त्या दिवशी मैदानात होती आणि सातशेच्या सातशे कानावर हात ठेवून बसली. ड्रायव्हर बस चालवताना आरशात मागे बघायचा. त्यातली निम्मी माणसं रोज त्याच्याच बसने कामाला जायची. चढताना नमस्कार करायची. उतरताना आभार मानायची.

बुधवारी दुपारी मंडईच्या स्टॉपवर कॅप्टन चढला. पुढच्या दांड्याला धरून उभा राहिला आणि घसा खाकरला. ड्रायव्हरने डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बस चालू असताना चालकाशी बोलू नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. कॅप्टन पहिल्या सीटवर बसला आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिला. सगळे उतरले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"बोल."

"तो माझा भाऊ आहे," कॅप्टन म्हणाला.

"माहीत आहे. गावाला माहीत आहे. म्हणून तर कोणाला ऐकू आलं नाही."

"माझं वर्कशॉप त्याच्या दुकानामागे आहे. आई त्याच्याकडे राहते. तू समजतोस तितकं सोपं नाही ते. आणि मी त्याला बोललो नाही असं नाही. घरी बोललो होतो."

"काय बोललास?"

"जरा कमी कर म्हणून."

ड्रायव्हर सीटवरून उठला. रिकाम्या बसमध्ये तो कॅप्टनच्या समोर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी दांडा पकडला.

"कमी म्हणजे किती? एका हाफमध्ये दोनदा चालेल? पोरगी बघायला आली असेल तेव्हा एकदाच? हळू आवाजात काढला तर चालेल? तू सांग मला. तू सुतार आहेस ना, मापाने बोल. किती कमी केल्यावर माझ्या बायकोने पोरीला खोटं सांगायचं बंद करायचं?"

कॅप्टन मान खाली घालून बसला होता. "मला वाटलं, तो आपोआप थांबेल."

"तुला असं वाटलं, कारण ते तुला लागत नव्हतं." ड्रायव्हर पुन्हा स्टिअरिंगमागे बसला. "उतर. माझी परत जायची वेळ झाली."

पुढच्या गुरुवारी दुपारी चौकशी झाली. लीगच्या कार्यालयातली वरच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पलीकडे समितीचे तिघे. ड्रायव्हर डेपोच्या गणवेशातच आला होता, अर्धी रजा टाकून. बायको त्याच्या शेजारी. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून अध्यक्षांच्या शेजारी बसला होता. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो मोठ्या दिलाने हसला.

"साहेब, मी स्वतः गोलकीपर होतो. पोराला जोर यावा म्हणून आम्ही ओरडतो. हुरूप द्यायला. मला खोकल्याचाही त्रास आहे. आता त्याला त्यात काय ऐकू आलं, त्याला मी काय करणार? माझा सख्खा भाऊ त्याच्यासोबत खेळतो. त्यालाच विचारा."

क्लबने साक्षीदार म्हणून कॅप्टनला आणलं होतंच. समितीतल्या बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी काही ऐकलंत?"

कॅप्टन उभा राहिला. त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, लाकूड तपासावं तसा.

"ऐकलं."

अध्यक्षांची खुर्ची करकरली.

"माकडाचा आवाज होता. खोकला नव्हता आणि हुरूपही नव्हता. माझ्या भावाने काढला. त्या दिवशी काढला आणि त्याआधीच्या प्रत्येक सामन्यात काढला. मी दर वेळी ऐकला."

"तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ आहात," बाई म्हणाल्या.

"हो. तुम्ही म्हणता ना, घरच्या माणसाचं धरत नाही. मी त्याच्या घरचा आहे. माझं धरा."

थोरला अर्धवट उठला. "अरे, लाज वाटते का तुला? कोणासाठी बोलतोयस तू? भाऊ कोण तुझा?"

"तूच आहेस, दादा," कॅप्टन म्हणाला. "म्हणून इतके दिवस गप्प होतो. बाराव्या वर्षी तू मला गोलात उभं राहायला शिकवलंस. मागे बघायचं नाही, मागे आपलीच माणसं असतात, असं म्हणाला होतास."

थोरला अध्यक्षांकडे बघत राहिला आणि अध्यक्ष खिडकीकडे.

तासाभराने निकाल सांगितला. थोरल्याला दोन सीझन मैदानात पाय ठेवायला बंदी. पुढचे दोन सामने तो पत्र्याचा स्टँड रिकामा ठेवायचा. त्या रेफरीला नोटीस. आणि ड्रायव्हरचं लाल कार्ड कायम. मैदान सोडणं म्हणजे मैदान सोडणं, बाई म्हणाल्या, कारण काहीही असो. बंदी मात्र चारवरून एका सामन्यावर आणली.

"म्हणजे मी ऐकून घेत उभा राहिलो असतो, तर नियमात बसलो असतो," ड्रायव्हर म्हणाला. बाईंनी फाईल मिटली.

जिन्यात कॅप्टन थांबला होता. ड्रायव्हर पुढे येताच त्याने हात पुढे केला.

ड्रायव्हरने तो हातात घेतला. सोडवला नाही, दाबलाही नाही. "आज बोललास ते चांगलं केलंस. तुला ते केवढ्याला पडणार आहे, हे मला कळतं. पण बारा सामने तू माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतास. तेराव्याला मी तुझ्या शेजारून चालत गेलो. ते मी विसरेन असं तुला वाटत असेल तर तसं होणार नाही."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नकोस. माझं मलाच खूप झालंय."

बायकोने कॅप्टनकडे पाहून मान हलवली आणि नवऱ्यामागोमाग जिना उतरली.

कॅप्टनला ते महागात पडलंच. त्याच आठवड्यात ड्रायव्हरने बसमधून पाहिलं, कॅप्टन भर दुपारी हातगाडीवर स्वतःचं कामाचं टेबल, रंधे, करवती लादून एकटाच रस्त्याने ढकलत चालला होता. थोरल्याने वर्कशॉप रिकामं करायला लावलं होतं. आई धाकट्याशी बोलायची बंद झाली, तिने निरोप पाठवला की ज्याने भावाला चव्हाट्यावर आणलं त्याने माझ्या दारात येऊ नये. ड्रायव्हरने बस त्याच्या मागे मागे हळू चालवली. मागून गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, तरी चौक येईपर्यंत त्याने ओव्हरटेक केलं नाही. चौकात कॅप्टन डावीकडे वळला आणि बस सरळ गेली.

रिकाम्या स्टँडचे दोन सामने झाले. त्यातला एक ड्रायव्हरने बंदीमुळे घरी बसून काढला आणि दुसरा खेळला. मग स्टँड पुन्हा भरला. कठड्यापाशी थोरला नव्हता, बाकीचे होते.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच ड्रायव्हरने एक बॉल पकडला आणि मागून तो आवाज आला. एकदाच, अर्धवट, कोणीतरी नवीन माणसाने करून पाहावा तसा. ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो वळणार एवढ्यात त्याला दिसलं की मैदानाच्या मध्यावर कॅप्टनने दोन्ही हात वर केलेत आणि तो त्याच्याकडे चालत येतोय. धावत नव्हता, चालत होता. मागोमाग गणिताचा मास्तर. मग पोस्टवाला, मग आणखी तिघे. समोरच्या टीमचा स्ट्रायकर, ज्याला ड्रायव्हर नावानेही ओळखत नव्हता, तोही येऊन जाळीपाशी उभा राहिला. उरलेले चार जण मध्यावर पाण्याच्या बाटल्या घेऊन बुटांकडे बघत राहिले. त्यांची नावं ड्रायव्हरच्या लक्षात राहिली.

"मला ऐकू आलं," कॅप्टन नव्या रेफरीला मोठ्याने म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना आलं. ताकीद द्या, नाहीतर आम्ही आत जातो."

लाऊडस्पीकर खरखरला. ताकीद दिली गेली. स्टँडमध्ये कुजबुज झाली आणि मग चहावाली मावशी बंब तसाच सोडून, हात पुसत पुसत पहिल्या रांगेत आली आणि तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसासमोर उभी राहिली. "हा," ती म्हणाली. "मी बघितलं याला." तो माणूस नाही नाही म्हणत होता, पण शेजारच्यांनी पाय आखडून घेऊन त्याला बाहेर जायला वाट करून दिली. फाटकापर्यंत त्याच्यासोबत कोणी गेलं नाही.

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. सात मिनिटं गेली, सगळे जागेवर गेले. सर बाजूच्या रेषेवरून ओरडले, "झालं ना आता? सोड तो राग, खेळावर ये."

"सोडत नाही," ड्रायव्हर तिथूनच म्हणाला. "खेळतोही."

शेवटची दहा मिनिटं राहिली असताना दुरून एक साधा, सरपटता बॉल आला. पोरसुद्धा अडवेल असा. ड्रायव्हर खाली वाकला आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून आत गेला. पत्र्याखालची माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आता बोलावं की बोलू नये. मग वरच्या रांगेतून एक म्हातारा कडाडला, "अरे ए, हात भाड्याने दिलेस का? बस चालवताना पण डोळे मिटतोस काय?" त्यापाठोपाठ सगळा स्टँड त्याच्या हातांवर, डोळ्यांवर, झोपेवर तुटून पडला.

कुठल्याही गोलकीपरला पडतात त्या शिव्या होत्या. त्या ड्रायव्हरच्या हक्काच्या होत्या. त्याने जाळीतून बॉल काढला, त्या म्हाताऱ्याकडे बघून हात वर केला आणि बॉल मध्यावर फेकला.